कॅमेरा गार करायची सुरुवात ड्राय आइसपासून झाली

एप्रिलात जत-आटपाडीकडं मध्यरात्रीनंतर आकाशगंगेचा गाभा झकास वर येतो, आभाळ कोरडं, उजेडही कमी, पण हवा पंचविशीच्या आसपासच आणि लांब एक्सपोजर लावलं की डीएसएलआरचा सेन्सर तर त्याहून तापतो, मग काळ्या आभाळात लाल-निळे ठिपकेच ठिपके. कूल्ड कॅमेरा लागतो तो यासाठी. पण गार करायची कल्पना सेन्सरच्या आधीची आहे, आणि तेव्हा कारण वेगळंच होतं.

फिल्मवर मंद उजेड तासभर पडला तरी तासभराचं चित्र उमटत नाही, वेळ वाढेल तशी फिल्म मंदावते. थंड फिल्म कमी मंदावते, म्हणून 1960 च्या दशकात ड्राय आइस, म्हणजे उणे 78 अंश, फिल्मच्या मागं भरायला लागले. मग फिल्मवर दव गोठायचं, ते टाळायला पुढं निर्वात कप्पा नाहीतर जाड पारदर्शक ठोकळा बसवायचे. केवढी खटपट! पुढं फिल्म हायड्रोजन मिसळलेल्या वायूत भाजून घ्यायची पद्धत आली आणि ड्राय आइस मागं पडला.

1969 मध्ये बेल लॅबमध्ये बॉईल आणि स्मिथ यांनी सीसीडी, म्हणजे उजेड टिपणारी सिलिकॉनची चिप, शोधला आणि थंडी परत आली. सिलिकॉनमध्ये नुसत्या उष्णतेनंही इलेक्ट्रॉन सुटतात, ते उजेडाच्या इलेक्ट्रॉनमध्ये मिसळतात आणि वेगळे ओळखताच येत नाहीत. हा डार्क करंट साधारण दर 6 अंशाला दुप्पट होतो, म्हणजे सेन्सर 30 वरून उणे 10 वर आणला की जवळपास शंभरपट घट! डार्क फ्रेम, म्हणजे झाकण लावून तेवढ्याच वेळाचा काढलेला फोटो, वजा करून या करंटची सरासरी जाते, पण त्यातली यादृच्छिक खरखर राहतेच, ती गारव्यानं कमी होते.

मोठ्या वेधशाळा त्यासाठी द्रव नायट्रोजन वापरतात. हौशी लोकांच्या कामाला आला 1834 चा पेल्टियर परिणाम, करंट सोडला की एक बाजू गार, दुसरी गरम, गरम बाजूला फॅन. 1990 च्या दशकात असे छोटे सीसीडी घराघरात यायला लागले, डीएसएलआर स्वस्त झाल्यावर लोकांनी ते उघडून सेन्सरच्या मागं तांब्याची पट्टी घातली, आणि आता सीमॉस, म्हणजे सीसीडीनंतर आलेल्या प्रकारच्या सेन्सरचे, तयार कूल्ड कॅमेरेच मिळतात.

माझ्या मते खरा फायदा किती गार यापेक्षा तापमान एकाच आकड्यावर टिकण्यात आहे, कारण मग डार्क फ्रेम एकदाच काढून महिनोन्महिने वापरता येतात. एप्रिलात उणे 10 चा हट्ट धरला तर पेल्टियर पूर्ण ताकदीवर जाऊनही आकडा डगमगतो, तिथं 0 लावावं, आजच्या सेन्सरला तेवढं पुरतं. डिसेंबरात उणे 10 सहज जमतं. कासला मात्र पावसाळा संपल्या संपल्या हवेत इतका ओलावा असतो की सेन्सरच्या बंद चेंबरचं सील जरा जरी ढिलं असलं तरी सेन्सरवर बर्फ धरतो आणि फ्रेमच्या मध्यात धुरकट डाग दिसतो, तो फिल्मवाल्यांचाच जुना त्रास. तसं दिसलं की कूलिंग हळूहळू बंद करायचं आणि घरी आल्यावर चेंबरमधलं ओलावा शोषणारं सिलिका जेल बदलायचं.