नौदलाचा सोनार आणि देवमासे

पाणबुडी शोधायला युद्धनौका पाण्यात जोराचा आवाज सोडते आणि तो आपटून परत आला की पाणबुडी कुठे, किती लांब ते काढते, याला ॲक्टिव्ह सोनार म्हणतात. (पॅसिव्ह सोनार नुसता ऐकतो, त्याचा इथे संबंध नाही.) या आवाजाने देवमासे आणि डॉल्फिन बिथरतात, खाणं सोडून पळतात आणि काही जातींचे तर किनाऱ्याला लागून मरतात, हे आता पक्कं झालंय.

नागपूरपासून समुद्र कितीतरी लांब, पण पाण्यातला आवाज कसा असतो ते इथल्या स्विमिंग टँकमध्येही कळतं. डोकं पाण्याखाली घाला आणि दुसऱ्या टोकाला कोणाला तरी लोखंडी शिडीवर नाणं वाजवायला सांगा, आवाज अगदी कानापाशी झाल्यासारखा येतो आणि कुठून आला तेच समजत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेच्या चारपटीहून जास्त, आणि दूरपर्यंत टिकतो. खोल समुद्रात उजेड नाही, म्हणून या जिवांचं शिकार शोधणं, पिल्लाला हाक मारणं, सगळं कानावर.

मे महिन्यात कूलर सुरू असला की दारावरची बेल ऐकू येत नाही, मालवाहू जहाजांच्या इंजिनाचा त्रास तसा असतो, सतत चालणारा. सोनारचं वेगळं आहे, तो अचानक येतो आणि फार मोठा येतो. पाणबुड्या शोधणारा मध्यम फ्रिक्वेन्सीचा सोनार साधारण १ ते १० किलोहर्ट्झमध्ये चालतो आणि अमेरिकी नौदलाच्या मोठ्या जहाजांवरच्या सोनारचा जोर उगमापाशी २३५ डेसिबलच्या आसपास सांगतात. हा आकडा पाण्यातल्या मापाचा आहे, हवेतल्या डेसिबलशी ताडायचा तर त्यातून ६२ च्या आसपास वजा करावे लागतात, लोक ते विसरतात आणि भलत्याच तुलना करत बसतात.

सगळ्यात जास्त मार बसतो तो चोचीच्या देवमाशांना, त्यातही त्यांच्यातल्या क्युव्हियर नावाच्या जातीला. हा प्राणी २,९९२ मीटर खोल गेल्याची नोंद आहे. सोनार ऐकू आला की शिकार शोधायला तो जे ‘क्लिक’ आवाज काढतो ते थांबवतो, शिकार अर्धवट सोडतो आणि लांब पळतो, कदाचित त्याची शिकार करणारा किलर व्हेल आल्यासारखं वाटत असेल. एवढ्या खोल डुबकीचं शरीराचं गणित मग बिघडतं आणि रक्तात, अवयवांत गॅसचे बुडबुडे होतात, गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर दिसतात तसे. नेमकं कसं घडतं यावर अजून वाद आहे, पण बुडबुडे मेलेल्या प्राण्यांत प्रत्यक्ष सापडलेत.

ते सापडले स्पेनच्या कॅनरी बेटांवर. सप्टेंबर २००२ मध्ये तिथे अनेक देशांच्या नौदलांचा सराव सुरू होता, सोनार सुरू झाल्यावर साधारण चार तासांत देवमासे किनाऱ्याला लागायला लागले, एकूण १४. त्याआधी मार्च २००० मध्ये बहामात १७ देवमासे-डॉल्फिन लागले होते आणि काहींच्या कानाभोवती रक्तस्राव होता, तेव्हा अमेरिकी नौदलाने २००१ च्या अहवालात सोनारच बहुधा कारण असल्याचं स्वतः मान्य केलं. तरी २००८ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या सरावांवरचे निर्बंध अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने नौदलाच्या बाजूने शिथिल केलेच. मरणं हेच एक नुकसान नाही, खोलवर चरणारे निळे देवमासे प्रयोगातल्या बऱ्याच हळू आवाजानेही खाणं थांबवून निघून गेलेत, आणि असं वारंवार झालं तर एवढ्या मोठ्या देहाला ते जड जाऊ शकतं.

उपाय म्हणून जहाजावर टेहळणी ठेवतात, प्राणी दिसला की आवाज कमी करतात. माझ्या मते हे अपुरं आहे, कारण तासभर पाण्याखाली राहणारा जीव वरून दिसणार कसा? त्याच्या घराजवळ सराव न करणं हेच खरं कामाचं. स्पेनने २००४ मध्ये कॅनरी बेटांभोवती असा सोनार बंद केला आणि त्यानंतरच्या वर्षांत तिथे तसे सामूहिक मृत्यू थांबले.

आपल्याकडे जानेवारी २०१६ मध्ये तमिळनाडूत तुतीकोरिनजवळ ८० च्या वर पायलट व्हेल किनाऱ्याला लागले. असा व्हिडिओ आला की लोक लगेच सोनारवर ढकलून राहिले असतात, पण त्याच किनाऱ्यावर १९७३ मध्येही असंच घडलं होतं आणि किनाऱ्याला लागण्याला आजार, भरकटलेला म्होरक्या, उथळ वाळू अशी बरीच कारणं असतात. खात्री करायची तर कान आणि मेंदू तपासावे लागतात, तेही देह ताजा असताना. आपल्या उन्हात तो लवकर सडतो आणि बुडबुड्यांचा पुरावा त्याच्यासोबत जातो, कारण सडतानाही गॅस तयार होतोच.