घरगुती मोटारधुलाई : साधने व द्रव्यांची निवड

घराच्या आवारात किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये स्वतः गाडी धुण्यासाठी, तिचा रंग जपण्यासाठी आणि आतला भाग स्वच्छ ठेवण्यासाठी लागणाऱ्या वस्तूंची पारख हा या नोंदीचा विषय आहे. बाजारात या वस्तूंची गर्दी मोठी असून बहुतेकांच्या वेष्टनावर चकाकीचेच आश्वासन असते. नागपुरात मात्र निवडीचा पहिला निकष चकाकी नसून गाडीवर बसणारी धूळ आणि घरात येणारे पाणी हा आहे. त्यामुळे रंगाला प्रत्यक्ष स्पर्श करणाऱ्या वस्तूंवर, म्हणजे हातमोजा, फडकी आणि पाणी यांवर, आधी खर्च करावा आणि मेण, कोटिंग यांचा विचार नंतर करावा, हा क्रम येथे योग्य ठरतो.

रंगाचे थर : आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे लेपन असते. या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्ये याच थरात असल्याने तो झिजला की रंग फिका पडण्यास वेळ लागत नाही. जुन्या अँबेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीवर असा वेगळा पारदर्शक थर नसे; पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागे आणि किती घासले गेले ते डोळ्यांना दिसे. आता झीज होते, पण फडके पांढरेच राहते.

धूळ : नागपूरच्या धुळीत काळ्या मातीचे, मुरुमाचे आणि बांधकामावरील सिमेंट-वाळूचे कण असतात. शहराच्या उत्तरेकडील कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांमुळे त्या बाजूला राखेचीही भर पडते. ही राख मुख्यतः सिलिका व ॲल्युमिना यांची असते आणि वाळूतील क्वार्ट्‌झची कठिणता मोह्‌स मापनात, म्हणजे खनिजांच्या १ ते १० च्या कठिणता-श्रेणीत, ७ आहे. यापुढे क्लिअर कोट फारच मऊ. म्हणून कोरडी धूळ फडक्याने किंवा मेण लावलेल्या झटकणीने पुसणे हा गाडीचा रंग बिघडवण्याचा सर्वांत प्रचलित मार्ग आहे. महिन्याच्या बोलीवर रोज सकाळी एकाच बादलीत, एकाच फडक्याने इमारतीतल्या सगळ्या गाड्या पुसून घेण्याची पद्धत स्वस्त वाटते. पण पहिल्या गाडीची माती त्यात शेवटच्या गाडीवर फिरते. रोजच्या अशा पुसण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी नीट धुतलेली गाडी अधिक काळ चांगली राहते. काळ्या गाडीच्या बॉनेटवर रात्री मोबाइलचा टॉर्च धरला, तर प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. ओरखडे प्रत्यक्षात सर्व दिशांना असतात, पण प्रकाशाला आडवे जाणारेच उजळून दिसत असल्याने ते गोलाकार भासतात. जुनी गाडी घेताना ही तपासणी अवश्य करावी.

पाणी : शहराला होणारा पाणीपुरवठा प्रामुख्याने पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी यांवर अवलंबून आहे, तर अनेक वसाहतींत वापरासाठी बोअरचे पाणी असते. बोअरचे पाणी सहसा अधिक जड असून ते गाडीवर वाळले की कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे पांढरे गोल डाग उरतात. कूलरच्या ताट्यांवर उन्हाळ्याअखेर जो पांढरा थर धरतो, तोच हा क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठिणतेची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. यावरून पिण्यास चालणारे पाणीही काचेवर व काळ्या रंगावर डाग सोडू शकते, हे लक्षात येते. स्वस्तातले टीडीएस मीटर विरघळलेल्या सर्व घटकांचा अंदाज देते, कठिणता वेगळी दाखवत नाही. तरी नळ आणि बोअर यांची तुलना करण्यास ते पुरेसे आहे.

घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी गाडीसाठी साठवण्याची सवय चांगली असली, तरी त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते चाकांसाठी आणि पहिल्या भिजवणीसाठी वापरावे, शेवटच्या धुलाईसाठी नाही. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असल्याने शेवटच्या पुसणीला उत्तम; अडचण इतकीच, की मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते फारसे निघत नाही आणि पावसाळ्यात, जेव्हा त्याची निकड कमी असते, तेव्हा बादली भरते.

पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उन्हात गाडी धुऊ नये. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू सुकतो, पाणी पुसण्याआधीच उडते आणि डाग पक्के होतात. सूर्योदयाची वेळ त्यातल्या त्यात बरी. संध्याकाळी पत्र्याला पालथा हात टेकवून तो थंड झाला आहे का, ते पाहूनच सुरुवात करावी.

पाणी मारण्याची साधने : साधा पाइप, हाताने दाब देण्याचा फवारा आणि विजेवर चालणारा प्रेशर वॉशर यांपैकी तिसऱ्याची खरी गरज पावसाळ्यात लागते. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाण्याने फुगते, चाकांच्या कमानींत घट्ट बसते आणि वाळल्यावर दगडासारखी होते. उमरेड किंवा काटोल भागात शेतावर जाणे-येणे असणाऱ्यांना याचा चांगला परिचय असतो. अशी माती हाताने खरवडण्याऐवजी आधी भिजवून काही मिनिटांनी दाबाच्या पाण्याने काढावी. घरगुती वापरास १०० ते १३० बार दाबाचे यंत्र पुरे होते. त्याहून मोठ्या आकड्याच्या मोहात पडण्यापेक्षा नळीची लांबी, पंपाची हमी आणि जवळ दुरुस्तीची सोय आहे का, हे पाहावे. पंख्यासारखा पसरणारा २५ किंवा ४० अंशांचा नोझल घ्यावा आणि तो रंगापासून किमान फूटभर दूर धरावा. सुईसारख्या धारेचा नोझल उडालेल्या रंगाच्या कडा उचलतो आणि टायरच्या भिंतीलाही इजा करतो.

बादल्या व हातमोजा : एका बादलीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी ठेवून प्रत्येक भाग पुसल्यावर मोजा आधी साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा, ही दोन बादल्यांची पद्धत होय. तळाशी ठेवायची जाळी माती खाली बसू देते. ती नसली तरी दुसऱ्या बादलीतील गढूळ झालेले पाणी वेळेवर बदलणे हे तिच्याइतकेच उपयोगी आहे. सपाट स्पंजमध्ये कण पृष्ठभागावरच अडकून रंगावर घासले जातात, तर लांब धाग्यांच्या मायक्रोफायबर मोज्यात ते धाग्यांमध्ये शिरतात. टपापासून सुरुवात करून खाली यावे. चाकांसाठी ब्रश आणि बादली वेगळीच ठेवावी, कारण ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात.

शॅम्पू : कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते, ती मेणाचा थर काढते, रबर व प्लास्टिकच्या पट्ट्या निस्तेज करते आणि न विरघळलेले दाणे सोडते. भांड्यांचा साबण एखाद्या वेळी, जुने मेण मुद्दाम काढायचे असताना चालेल, नेहमी नाही. सामू ७ च्या आसपास असलेला आणि गुळगुळीतपणा देणारा गाडीचा शॅम्पू वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणातच वापरावा. फेस किती आला, यावर त्याची योग्यता ठरत नाही. जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो म्हणून झाकणामागून झाकण ओतत राहिल्यास उरलेला लेप धुण्यात दुप्पट पाणी जाते.

पाणीटंचाईच्या दिवसांत किंवा पाइप नसलेल्या पार्किंगमध्ये नंतर पाण्याने धुवावे न लागणारे (‘रिन्सलेस’) द्रावण उपयोगी पडते. बादलीभर पाण्यात थोडेसे द्रावण मिसळून, अनेक स्वच्छ फडकी त्यात भिजवून, प्रत्येक भागाला नवी घडी वापरून गाडी पुसतात आणि लगेच कोरडी करतात. त्यातील पॉलिमर कणांना वेढून रंगावरून अलगद सरकवतात. हलक्या धुळीला ही पद्धत पुरेशी असते. चिखलाला ती लावू नये. नुसता फवारा मारून पुसण्याची ‘वॉटरलेस’ द्रव्ये याहून जपून वापरावीत, आणि एप्रिल-मेमधील नागपुरी धुळीच्या थरावर तर वापरूच नयेत.

फडकी : चांगले मायक्रोफायबर पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या मिश्रणाचे, बहुधा ८०:२० किंवा ७०:३० प्रमाणात असते. जाडी प्रति चौरस मीटर ग्रॅमांत सांगतात : सर्वसाधारण कामाला ३०० ते ४००, पाणी टिपण्यास ५०० हून अधिक, काचेला मात्र आखूड विणीचे पातळ फडके. विकत घेताना कडांची शिवण बोटाने चाचपावी आणि शिवलेले लेबल काढून टाकावे, कारण तेच पुष्कळदा ओरखडा काढते. खाली मातीत पडलेले फडके झटकून पुन्हा रंगाला लावू नये. ते चाकांच्या कामाला उतरवावे. ही फडकी सुती कपड्यांबरोबर धुतल्यास त्यांत तंतू अडकतात, फॅब्रिक सॉफ्टनरने त्यांची शोषणक्षमता जाते आणि गरम इस्त्रीने धागे वितळतात. जुनी बनियन किंवा धोतराचे मऊ कापड वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांना हा सगळा थाट वाटेल, पण क्लिअर कोटवर सुती कापडाची उठलेली शिवण दिसून येते.

चिकटलेली घाण : पक्ष्यांची विष्ठा उन्हात काही तासांतच क्लिअर कोटवर व्रण उमटवते, ती दिसताच ओले फडके त्यावर ठेवून, मऊ पडल्यावर उचलावी. डांबराचे ठिपके काढणाऱ्या काही द्रव्यांत डी-लिमोनीन असते. संत्र्याच्या सालीच्या तेलातला हा मुख्य घटक. संत्रानगरीत त्यामुळे सालच गाडीवर घासण्याचा मोह होऊ शकेल, पण तिच्यातील आम्ल आणि साखर रंगावर राहणे बरे नाही. लोखंडी कणांवर थायोग्लायकोलेटयुक्त द्रव्य मारले की ते जांभळे होऊन ओघळते. क्षारांचे ताजे डाग पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने जातात, मात्र ते लगेच धुऊन टाकावे. एवढे करूनही धुतलेला पत्रा हाताला खरखरीत लागला, तरच क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, वापरावा आणि तोही भरपूर ओलाव्यावर. जमिनीवर पडलेला क्ले टाकून द्यावा.

दसऱ्याच्या सुमारास, खंडेनवमीच्या पूजेनंतर, वेगळीच दुरुस्ती करावी लागते. हळदीचा डाग उन्हाने विरतो. रासायनिक रंगाच्या ओल्या कुंकवाचा डाग पांढऱ्या बॉनेटवर राहू शकतो, म्हणून स्वस्तिक काचेवर किंवा नंबरप्लेटच्या जवळ काढणे सोयीचे. झेंडूच्या माळेची तार ग्रिलला बांधताना तिचे टोक रंगापासून दूर वळवावे, अन्यथा गाडी सुरू असताना ते तेथेच घासत राहते.

पॉलिश व संरक्षण : पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा सूक्ष्म अंश काढून पृष्ठभाग सपाट करणे, त्यामुळे ते जितके कमी करावे तितके बरे. नवख्याने घ्यायचेच असेल, तर गोल फिरणाऱ्या यंत्राऐवजी दुहेरी गतीचे पॉलिशर घ्यावे, कारण ते एका जागी उष्णता साठू देत नाही. संरक्षक थरांत ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण सर्वांत जुने. ते ८२ ते ८६ अंशांना वितळते. काळ्या गाडीचे छत उन्हात या मर्यादेच्या बरेच जवळ जात असल्याने नागपूरच्या उन्हाळ्यात त्याचा टिकाव थोडका. कृत्रिम सीलंट काही महिने आणि सिलिकायुक्त सिरॅमिक कोटिंग त्याहून पुष्कळ अधिक टिकते. कोटिंगच्या जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कठिणतेच्या चाचणीतला आहे, खनिजांच्या मोह्‌स मापनातला नाही. त्यामुळे कोटिंग झाले म्हणून कोरडी धूळ पुसण्यास मोकळीक मिळत नाही. शिवाय अशा पृष्ठभागावर पाण्याचे थेंब उभे राहतात, ते उन्हात वाळले तर क्षारांचे डाग अधिक ठळक पडतात आणि बोअरचे पाणी वापरणाऱ्याला पुसण्याची घाई अधिकच करावी लागते.

टायर व आतील भाग : टायरला पाण्यावर आधारित, न चिपचिपणारे ड्रेसिंग (रबराला तजेला देणारा लेप) लावावे, ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर ते उडू देऊ नये. डॅशबोर्डला चमकदार सिलिकॉन नको, त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते. स्टिअरिंग आणि पेडल यांना कोणतेही ड्रेसिंग लावू नये. काचेला आतून फिल्म असेल, तर अमोनियाचे क्लीनर टाळावे. सीटवर पाणी ओतण्याआधी व्हॅक्यूम करून कोरडी माती काढावी, नाहीतर ती कापडात चिखल होऊन बसते.

या सर्व वस्तू डिक्कीत ठेवण्याची पद्धत सोयीची असली, तरी उन्हाळ्यात ती मोडावी लागते. एरोसोलच्या डब्यांवर ५० अंशांहून जास्त तापमानात न ठेवण्याची सूचना असते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत हा आकडा सहज ओलांडला जातो. म्हणून फवाऱ्याचे डबे, शॅम्पू आणि कोटिंगच्या बाटल्या घरात, सावलीच्या कपाटात ठेवाव्यात, आणि धुतलेली फडकी झाकणाच्या डब्यात, चाकांच्या फडक्यांपासून वेगळी.