बक्षीस, शाबासकी आणि अभ्यासाची गोडी: शाळेतल्या प्रेरणेची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १८६२ साली शाळांच्या अनुदानाचे नियम बदलले. शिक्षणाचा कारभार तेव्हा रॉबर्ट लो यांच्याकडे होता. सहा वर्षांवरच्या मुलांचा हिशोब असा ठरला: सरासरी हजेरीवर दर मुलामागे चार शिलिंग, आणि ज्याची हजेरी दोनशेच्या वर भरली त्याच्यामागे आणखी आठ शिलिंग. हे आठ शिलिंग मात्र निरीक्षकाच्या परीक्षेवर टांगलेले. वाचन, लेखन आणि गणित, या तिन्हींपैकी एका विषयात मूल नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात.

पुढे जे झालं ते शिक्षकी पेशातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. वाचनाचं पुस्तक वर्षभर घोकून घेतलं जाई. परीक्षा नसलेले विषय मागे पडले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा निरीक्षक होते. नीट तयारी करून घेतली तर वाचता-लिहिता न येणारं मूलसुद्धा या वाचन-लेखनाच्या परीक्षेत पास होऊ शकतं, असं त्यांनी आपल्या अहवालात स्पष्ट लिहिलं. शतक संपत आलं तेव्हा ती पद्धत मोडीत निघाली.

लो यांच्या नियमात बक्षीस शाळेला होतं, मुलाला नव्हतं. पण त्यातलं गृहीतक पुढे बराच काळ टिकलं. ज्याला मोबदला मिळतो ते वाढतं, एवढं साधं ते गृहीतक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पिंजऱ्यात कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग केले आणि या समजुतीला शास्त्राचा आधार मिळाला. ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती पुन्हा केली जाते, हा त्यांचा निष्कर्ष. तो चुकीचा नव्हता. पण मिळालेल्या गोष्टीचा मूल काय अर्थ लावतं, हा प्रश्न मांजराच्या बाबतीत येत नाही. वर्गात तोच प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि संशोधकांना तिथे पोचायला सत्तरेक वर्षं लागली.

मधल्या काळातला एलिझाबेथ हरलॉक यांचा १९२५ चा प्रयोग आजही वाचण्यासारखा आहे. चौथी आणि सहावीच्या मुलांना पाच दिवस बेरजेची उदाहरणं दिली. मुलांचे चार गट केले होते. एका गटातल्या मुलांची नावं घेऊन सगळ्यांसमोर रोज कौतुक, दुसऱ्याची तशीच सगळ्यांसमोर कानउघाडणी, तिसऱ्याला काहीच नाही. फक्त इतरांचं कौतुक आणि बोलणी ऐकत बसायचं. चौथा गट वेगळ्या खोलीत. ओरडा खाल्लेला गट आधी सुधारला आणि मग घसरत गेला. कौतुक झालेला गट चढत राहिला. ‘एकदा दम भरला की कामाला लागतात’ हा शिक्षकांचा अनुभव खोटा नाही, पण तो पहिल्या फेरीपुरताच खरा ठरतो. शिक्षकाला नेमकी तीच फेरी लक्षात राहते, म्हणून हा समज मोडायला इतका कठीण.

१९५० च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी शिकवण्याची यंत्रं बनवली. धड्याचे बारीक तुकडे, प्रत्येक तुकड्यावर एक प्रश्न, उत्तराची खातरजमा लगेच. यंत्रं मागे पडली, पण लहान पायऱ्या आणि ताबडतोब कळणारं बरोबर-चूक, ही दोन सूत्रं टिकली.

बक्षिसाला खरा धक्का बसला तो १९७१ मध्ये. एडवर्ड डेसी यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ‘सोमा’ नावाचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. तीन बैठका होत्या. मधल्या बैठकीत एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला. दर बैठकीत संशोधक काही निमित्त काढून आठ मिनिटं बाहेर जाई. तेवढ्या वेळात विद्यार्थी कोडं हातात घेतात की शेजारी ठेवलेली मासिकं चाळतात, याची नोंद होई. तिसऱ्या बैठकीत पैसे बंद झाले, आणि आधी पैसे घेतलेल्यांचा कोड्यातला रस कमी झालेला दिसला.

दोनच वर्षांनी मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांनी हीच गोष्ट तीन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तपासली. चित्रं काढायला मुळातच आवडणारी ५१ मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की रंगीत पेनांनी चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र झाल्यावर अचानक दिलं. उरलेल्यांना काही नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात मोकळी ठेवली. आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर मात्र असा परिणाम दिसला नाही. वस्तू तीच, कागद तोच. फरक पडला तो करार आधी झाला होता की नाही, याने.

या निष्कर्षावरून वाद पेटला. ज्युडी कॅमेरून आणि डब्ल्यू. डेव्हिड पीअर्स यांनी १९९४ मध्ये ९६ प्रयोग एकत्र करून नुकसान किरकोळ असल्याचं मांडलं. डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांची छाननी करून उलट बाजू लावून धरली. वाद बाजूला ठेवला तर कामाचं असं बरंच काही हाती लागतं. ज्या कामात मुलाला आधीपासून रस आहे तिथे ठरवून दिलेलं वस्तुरूप बक्षीस नडतं. ज्यात मुळीच रस नाही तिथे घालवायला काही नसतंच, त्यामुळे पाढ्यांसाठी दिलेला तारा फारसं बिघडवत नाही. आणि ‘इथे तू हातचा बरोबर धरलास’ असं सांगणारं कौतुक वेगळं, ‘शाब्बास, मी सांगितलं तसंच केलंस’ हे वेगळं. पहिल्यातून मुलाला आपल्या कामाची माहिती मिळते, दुसऱ्यातून दोरी कुणाच्या हातात आहे ते कळतं.

दुसरा धागा अमेरिकेतूनच, पण वेगळ्या वाटेने आला. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालात सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी होते. शाळेची इमारत, साधनं, खर्च यांपेक्षा घरची परिस्थिती निकालाशी जास्त जोडलेली आहे, हा त्याचा गाजलेला भाग. कमी गाजलेला भाग असा की ‘यश मेहनतीपेक्षा नशिबावर अवलंबून असतं’ अशा विधानांना मुलं काय उत्तर देतात, याचा संबंध निकालाशी फार जवळचा होता, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांमध्ये. अर्थात कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

आपल्या यशापयशाचं कारण मूल कशात पाहतं, याची नीट मांडणी बर्नार्ड वाइनर यांनी १९७० च्या दशकात केली. नापास झालेलं मूल कारण शोधतंच: डोकं नाही, अभ्यास केला नाही, पेपर अवघड होता, नशीब. यांतलं कोणतं कारण कायमचं वाटतं आणि कोणतं आपल्या हातातलं, यावर पुढची हालचाल ठरते. कॅरल ड्वेक यांनी १९७५ मध्ये अपयश आलं की हात टेकणारी बारा मुलं निवडली. सहा मुलांना पंचवीस बैठकांत जमतील अशीच गणितं दिली. उरलेल्या सहांना मधूनमधून मुद्दाम चुकतील अशी गणितं देऊन प्रयत्न कमी पडल्याचं सांगितलं. नंतर अवघड गणितं समोर आली तेव्हा नुसतं यश चाखलेली मुलं पुन्हा कोसळली. दुसरी तग धरून राहिली. ‘आत्मविश्वास वाढावा म्हणून सोपं द्या’ हा सल्ला तेव्हाच अडचणीत यायला हवा होता. तो आजही मिळतो.

याचीच पुढची पायरी १९९८ ची. क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना पहिल्या फेरीनंतर एकाच वाक्याचा फरक करून शाबासकी दिली: काहींना ‘तू हुशार आहेस’, काहींना ‘तू खूप मेहनत घेतली असशील’. दुसरी फेरी मुद्दाम अवघड होती. तिसरी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी होती, तरी हुशार म्हटलेल्यांचे गुण घसरले. अनोळखी मुलाला आपले गुण कळवताना त्यांच्यातल्या ३८ टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले; मेहनतीचं कौतुक झालेल्यांमध्ये हे प्रमाण १३ टक्के होतं.

अल्बर्ट बँडुरा आणि डेल शुंक यांच्या १९८१ च्या प्रयोगाला इतकी प्रसिद्धी मिळाली नाही. शिक्षकाच्या दृष्टीने मला तो सगळ्यांत उपयोगी वाटतो. वजाबाकी न येणारी, गणिताचा कंटाळा असलेली चाळीस मुलं. साधारण सात ते दहा वर्षांची. त्यांच्यातल्या तीन गटांना तोच सात भागांचा, ४२ पानांचा स्वाध्याय. एका गटाला सांगितलं, रोज निदान सहा पानं करायची. दुसऱ्याला सांगितलं, सात बैठका संपेपर्यंत ४२ पानं व्हायला हवीत. तिसऱ्याला ध्येयच नाही. बेरीज करून पाहिली तर पहिल्या दोन गटांचं काम एकच आहे. तरी सहा पानांचा गट वजाबाकीत पुढे गेला, आपल्याला जमतं असं त्याला वाटू लागलं, आणि पुढे मोकळ्या वेळात त्याने आपणहून उदाहरणं सोडवली. ४२ पानांच्या गटाची अवस्था ध्येय नसलेल्यांहून फारशी बरी नव्हती. लांबचं ध्येय रोज संध्याकाळी ‘अजून केवढं राहिलंय’ एवढंच दाखवतं. ‘यंदा नव्वद टक्के’ असं भिंतीवर लिहून ठेवण्याचा तोटा इथेच आहे.

शिक्षकाच्या अपेक्षेचा प्रश्नही याच काळात गाजला. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली वीस टक्के मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार असं शिक्षकांना सांगितलं. पहिली-दुसरीत त्या मुलांची बुद्ध्यंकातली वाढ ठळक होती. वरच्या वर्गांत तसं काही दिसलं नाही. मोजमापावर तेव्हाच कडक टीका झाली. स्टीफन राउडेनबुश यांनी १९८४ मध्ये अशा अठरा प्रयोगांची तुलना केली तेव्हा गुपित बरंचसं उलगडलं: शिक्षक त्या मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असतील तर परिणाम जवळजवळ उरत नाही. म्हणजे वर्ष सुरू होताना मागच्या शिक्षकाकडून ‘हा कसा आहे’ म्हणून मिळालेला शेरा सर्वांत घातक, कारण तो ओळख होण्याआधी पोचतो.

मार्कांबद्दल रूथ बटलर यांचं १९८८ मधलं इस्रायलमधलं काम पाहावं. पाचवी-सहावीच्या मुलांना एका गटात फक्त गुण, दुसऱ्यात फक्त लेखी शेरा, तिसऱ्यात दोन्ही. काम आणि रस दोन्ही टिकले ते फक्त शेरेवाल्या गटात. गुण आणि शेरा एकत्र दिले तर शेऱ्याचा फायदा गेला. वही हातात आली की नजर आकड्यावर जाते आणि तिथून शेजाऱ्याच्या आकड्यावर. जिथे मार्क देणं भागच आहे, तिथे आधी शेरा, त्यावर दुरुस्ती, आणि आकडा त्यानंतर, असा क्रम ठेवता येतो. वेळ दुप्पट लागतो हे खरं.

पैशांचा प्रश्न रोलंड फ्रायर यांनी २००० नंतर पुन्हा मोठ्या प्रमाणावर तपासला. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतल्या गुणांवर पैसे, शिकागोत श्रेणीवर पैसे: अभ्यासात मोजता येईल अशी वाढ नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचून त्यावरची छोटी चाचणी पास केली की दोन डॉलर. तिथे वाचनाचं आकलन सुधारल्याची चिन्हं दिसली. न्यूयॉर्कच्या मुलांना विचारलं की जास्त पैसे मिळवायला काय कराल, तर त्यांनी प्रश्न नीट वाचीन, उत्तरं तपासून पाहीन असं सांगितलं. शिक्षकाला विचारीन, न समजलेला धडा पुन्हा करीन हे फारसं कुणाला सुचलं नाही. इच्छा होती, वाट माहीत नव्हती. पुस्तक वाचणं मात्र मुलाला कसं करायचं ते ठाऊक असतं.

‘मेहनत कर’ या उपदेशाची गोचीही तीच. बुद्धी वाढवता येते ही ड्वेक यांची मांडणी शाळाशाळांत भित्तिपत्रकांवर पोचली, तेव्हा २०१५ मध्ये त्यांनाच खुलासा करावा लागला की नुसत्या प्रयत्नाचं कौतुक म्हणजे ही मांडणी नव्हे. चुकीच्या रीतीने तासभर घासलेल्या मुलाला ‘अजून प्रयत्न कर’ म्हटलं तर ते रास्तच निष्कर्ष काढतं: प्रयत्न केला, तरी जमलं नाही, म्हणजे डोकंच नाही. डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ तपासला. मागे पडलेल्या मुलांची सरासरी श्रेणी साधारण चारच्या मापावर ०.१ ने वाढली. फायदा छोटा असला तरी खर्चाच्या मानाने वाईट नाही. आणि ज्या शाळांत अवघड काम अंगावर घेणं सोबत्यांना खटकत नव्हतं, तिथे तो जास्त होता.

‘याचा पुढे उपयोग काय’ या प्रश्नाचं उत्तर कुणी द्यायचं, हेही महत्त्वाचं निघालं. क्रिस हलमन आणि ज्युडिथ हराकीविच यांनी २००९ मध्ये विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दर काही आठवड्यांनी, शिकलेल्या भागाचा स्वतःच्या आयुष्याशी काय संबंध, यावर थोडकं लिहायला लावलं. ज्यांना स्वतःकडून यशाची आशा कमी होती त्यांचे गुण आणि रस वाढले. तोच उपयोग शिक्षकाने व्याख्यान देऊन सांगितला तर बिचकलेल्या विद्यार्थ्यावर उलटाही परिणाम होऊ शकतो. विषय इतका महत्त्वाचा आणि आपल्याला तो येत नाही, असं त्याला वाटतं.

या सगळ्यात एक गृहीतक मुकाट्याने पुढे चालत आलं होतं: आधी गोडी, मग यश. कॅनडात १,४७८ मुलांचा पहिली ते चौथीपर्यंत माग काढून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणितापुरतं ते उलटं निघालं. आधीच्या गुणांवरून पुढच्या गोडीचा अंदाज येत होता. आधीच्या गोडीवरून पुढच्या गुणांचा येत नव्हता. लहान वर्गात वजाबाकीचा कंटाळा करणारं मूल समोर आलं की प्रेरणेचा तास घेण्याआधी ते दशक कुठे सुटं करतं आणि कुठे विसरतं, हे त्याच्या वहीत पाहायला हवं.