ई-जर्नलचे पैसे भरले म्हणजे ते कायमचं आपलं झालं? नाही हो

"लायब्ररीने एकदा पैसे भरले की ई-जर्नल कायमचं आपलं" हे वर्षानुवर्षं ऐकतोय, पण ते खरं नाही. छापील अंकांची वर्गणी थांबवली तरी जुने अंक कपाटात राहतात, ऑनलाइनमध्ये मात्र बहुतेक वेळा आपण फक्त वापराचं लायसन्स घेतो आणि ते संपल्यावर काय उरणार हे करारातल्या एका कलमावर ठरतं. त्यात कायमस्वरूपी अ‍ॅक्सेस लिहिला असेल तर ज्या वर्षांचे पैसे भरले ते अंक पुढेही वाचता येतात, नसेल तर सगळंच बंद. अ‍ॅग्रिगेटर डेटाबेसमध्ये (म्हणजे अनेक प्रकाशकांची जर्नल्स एकत्र देणाऱ्या सेवेत) हा हक्क सहसा नसतोच, एखादं जर्नल वर्षाच्या मध्येच गायबही होतं, म्हणून सहीआधी ते कलम वाचाच, प्लीज. आणि प्रकाशकच बंद पडला तर? त्यासाठीच तर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॉक्स (LOCKSS) ही जतनाची व्यवस्था सुरू झाली, त्यात लायब्रऱ्या स्वतःच प्रती जपून ठेवतात.