रिपोर्टवर ‘फुप्फुसाचा लिम्फोमा’ असं आलं असेल, तर

(आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोप्सी तपासायला देणाऱ्यांसाठी)

रिपोर्ट हातात पडला की काउंटरवरच पहिला प्रश्न येतो, “म्हणजे लंग कॅन्सरच ना?” त्याचं उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. उपचार काय करायचे ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी चार गोष्टी माहीत असल्या तर नेमके प्रश्न विचारता येतात.

फुप्फुसाचा नेहमीचा कॅन्सर श्वासनळ्यांच्या किंवा हवेच्या पिशव्यांच्या अस्तरातून सुरू होतो. लिम्फोमा सुरू होतो लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींतून, म्हणजे एरवी जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशींतून. आजार वेगळा, औषधं वेगळी आणि पुढचं आयुर्मानही वेगळं. बहुतेक लिम्फोमा मानेतल्या, काखेतल्या किंवा पोटातल्या लसिका गाठींत (लिम्फ नोडमध्ये) सुरू होतात आणि तिथून कधीकधी फुप्फुसात पसरतात. फुप्फुसातच मूळ धरणारा लिम्फोमा दुर्मिळ आहे. फुप्फुसाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा १ टक्क्याहूनही कमी आहे. मूळ फुप्फुसातच आहे असं म्हणायला एक अट सहसा पाळतात: निदानाच्या वेळी आणि त्यानंतर ३ महिने छातीबाहेर कुठेही आजार सापडता कामा नये. म्हणूनच बायोप्सीनंतर पेट स्कॅन (आजार शरीरात आणखी कुठे आहे ते दाखवणारा), कधी बोन मॅरोची तपासणी, कधी पोटाची एंडोस्कोपी लिहून देतात. ‘दुखणं छातीत आणि दुर्बीण पोटात कशाला?’ असं वाटणं साहजिक आहे, पण त्या तपासण्या टाळू नका.

प्रकार कोणता, ते आधी बघा

रिपोर्टमधल्या ‘फुप्फुस’ या शब्दाने घाबरण्याआधी त्याखालची प्रकाराची ओळ वाचा. पुढचं सगळं तिच्यावर ठरतं.

फुप्फुसात सुरू होणाऱ्या लिम्फोमांपैकी १० मधले ७ किंवा त्याहून जास्त ‘माल्ट’ (MALT, म्हणजे अस्तरालगतच्या लिम्फोसाइटांतून सुरू होणाऱ्या) प्रकारचे असतात. १९८३ साली आयझॅकसन आणि राइट या दोन पॅथॉलॉजिस्टांनी हा गट पहिल्यांदा वेगळा ओळखला. हा अगदी सावकाश वाढतो. पेशंट बहुतेक पन्नाशी-साठीचे असतात आणि निम्म्याच्या आसपास लोकांना निदानाच्या वेळी काहीच त्रास नसतो. मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेल्या एक्स-रेत डाग दिसतो आणि तिथून चक्र सुरू होतं. ज्यांना त्रास असतो त्यांना खोकला, दम, छातीत दुखणं, क्वचित थुंकीतून रक्त. ताप, रात्री घाम, वजन उतरणं ही लिम्फोमाची म्हणून सांगितली जाणारी लक्षणं या प्रकारात कमीच आढळतात.

दुसरा प्रकार डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. हा जलद वाढतो, त्रास लवकर होतो आणि उपचारही लगेच सुरू करावे लागतात. एचआयव्हीमुळे किंवा अवयव बदलल्यानंतरच्या औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांत याचं प्रमाण जास्त असतं. जलद आहे म्हणजे हाताबाहेरचा आहे असं मात्र समजू नका. केमो आणि रिटुक्सिमॅब (लिम्फोमाच्या पेशींवर नेम धरणारं इंजेक्शन) मिळून पुष्कळ पेशंट पूर्ण बरे होतात.

तिसरा, फारच विरळा, लिम्फोमॅटॉइड ग्रॅन्युलोमॅटोसिस. याचा एप्स्टीन-बार विषाणूशी संबंध आहे. त्यात पेशी रक्तवाहिन्यांत शिरतात, आणि कातडीवर किंवा मेंदूतही आजार दिसू शकतो. याच्या श्रेणी असतात आणि श्रेणीनुसार उपचार बदलतात. रिपोर्टवर हे नाव असेल तर रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञाकडेच जा.

टीबीच्या गोळ्या चालू आहेत, डाग हलत नाही

मुंबईत छातीवर डाग दिसला की आधी टीबीचाच संशय येतो, आणि बहुतेक वेळा तो खराही निघतो. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. माल्ट लिम्फोमा एक्स-रेत हुबेहूब न्यूमोनियासारखा किंवा टीबीसारखा दिसतो. सीटीत पांढऱ्या पट्ट्यातून हवा भरलेल्या श्वासनळ्या काळ्या रेघांसारख्या आरपार दिसतात, कधी दोन्ही बाजूंना एकापेक्षा जास्त गोळे असतात, आणि न्यूमोनियातही हेच चित्र असू शकतं. फरक पडतो तो वेळेत. न्यूमोनिया काही आठवड्यांत ओसरतो. हा डाग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तसाच राहतो.

आमचं मत स्पष्ट आहे. थुंकीत किंवा सीबीनॅटमध्ये (टीबीच्या जंतूंच्या जनुकांची तपासणी) जंतू सापडलेले नाहीत, गोळ्या नेमाने घेऊन दोन-तीन महिने झाले आणि तरी डाग तसाच असेल, तर “तुकडा काढून बघायचा का?” हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आणि खोकल्यासाठी किंवा दम्यासाठी कुणी स्टेरॉइड दिलं असेल तर बायोप्सीआधी सांगा. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या विरून जातात, आणि मग तुकड्यात आम्हाला काहीच सापडत नाही.

आम्ही तुकड्याचं काय करतो

सीटीच्या मदतीने सुईतून निघालेला तुकडा तुटलेल्या शेवईएवढा असतो. तो फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग मेणात बसवला जातो. तोच तुमचा ‘ब्लॉक’. त्यातून केसाहून कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेतो आणि रंगवतो. माल्टमध्ये लहान लहान पेशी श्वासनळ्यांच्या अस्तरात घुसून ते पोखरताना दिसतात. पण दीर्घकाळच्या सुजेतही लिम्फोसाइट गोळा होतात, त्यामुळे पहिल्या स्लाइडवर छातीठोकपणे सांगता येत नाही.

म्हणून ‘मार्कर’ लावतो, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. जिथे तो विशिष्ट पदार्थ असेल तिथे पेशी तपकिरी होतात. माल्टमध्ये सीडी-२० पॉझिटिव्ह येतो. सीडी-५, सीडी-१० आणि सायक्लिन डी-१ सहसा निगेटिव्ह. या तीन निगेटिव्हमुळे दिसायला सारखे असलेले दुसरे लिम्फोमा बाजूला पडतात. केआय-६७ हा आकडा पेशी किती वेगाने वाढत आहेत ते सांगतो. माल्टमध्ये तो कमी असतो, डिफ्यूज लार्जमध्ये बराच जास्त. कधी एफआयएसएच (फिश, गुणसूत्रांतले बदल दाखवणाऱ्या) तपासणीत ११व्या आणि १८व्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले सापडतात. तो बदल फुप्फुसाच्या माल्टमध्ये बऱ्याच जणांत असतो आणि निदान पक्कं करायला कामी येतो.

हे सगळं करायला दिवस लागतात, आणि तेवढा तुकडाही लागतो. दुर्बिणीतून काढलेला अगदी बारीक तुकडा किंवा नुसत्या सुईने ओढलेल्या पेशी लिम्फोमासाठी बहुधा कमी पडतात. डॉक्टर ‘पुन्हा बायोप्सी’ किंवा ‘व्हॅट्सने (छातीत छोट्या छेदांतून कॅमेरा घालून केलेल्या ऑपरेशनने) थोडा भाग काढू’ म्हणाले तर ते पैसे उकळण्यासाठी नसतं. आणि ‘उद्याच रिपोर्ट द्या’ म्हणून आमच्या मुलांवर ओरडल्याने मार्कर लवकर रंगत नाहीत.

पुढे काय

माल्टबद्दल आकडेवारी धीर देणारी आहे. ५ वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर असतं, आणि बरेच पेशंट १० वर्षांहून जास्त जगतात, त्यातले कित्येक शेवटी दुसऱ्याच कारणाने जातात. आजार कधीकधी कित्येक वर्षांनी परत येतो, तोही फुप्फुसात न येता पोटात, लाळेच्या ग्रंथीत किंवा डोळ्याच्या आसपास. थोड्या पेशंटांत त्याचं रूपांतर जलद वाढणाऱ्या प्रकारात होतं. त्यामुळे ‘आता बरं आहे’ म्हणून फाइल माळ्यावर टाकायची नाही.

त्रास नसेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायलाही सांगतात. घरच्यांना हे पचत नाही, पण सावकाश आजारात तो रीतसर निर्णय असतो. एकच गोळा असेल तर ऑपरेशन किंवा कमी डोसचं रेडिएशन (आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात) पुरतं. आजार जास्त जागी असेल तर रिटुक्सिमॅब, एकटं किंवा केमोबरोबर. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे. तो विषाणू शरीरात लपून बसला असेल तर या औषधाने उसळू शकतो. पोटातला माल्ट लिम्फोमा एच. पायलोरी जंतूवरच्या अँटिबायोटिकने पुष्कळदा जातो, हे वाचून आलेले लोक तीच औषधं मागतात. फुप्फुसात तसा जंतू सिद्ध झालेला नाही.

हा आजार संसर्गाने पसरत नाही. ताट-पेला वेगळा करायची गरज नाही. डोळे आणि तोंड सतत कोरडं पडत असेल, सांधे सुजत असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. श्योग्रेन किंवा आमवातासारखे आजार असणाऱ्यांत हा लिम्फोमा जास्त आढळतो.

टाटामध्ये दाखवायचं असेल तर

बहुतेक जण दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा मेमोरियलला जातात. १९४१ पासूनचं हॉस्पिटल आहे, तिथले पॅथॉलॉजिस्ट स्लाइड स्वतः पुन्हा बघतात. त्यासाठी ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही आमच्याकडून घेऊन जा, नुसता रिपोर्ट चालत नाही. खर्चाची अडचण असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा, आधार आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा.

ब्लॉक हा तुमच्या पेशंटचा ऐवज आहे, तो संपला की पुन्हा सुई. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर मेण पातळ होऊन तुकडा खराब होऊ शकतो. स्लाइड काचेच्या असतात, वर्तमानपत्रात गुंडाळून सकाळच्या लोकलला चढू नका. आम्ही प्लास्टिकची डबी देतो, ती परत आणून द्या. पेशंट स्वतः येऊ शकत नसेल तर येणाऱ्याजवळ पेशंटच्या सहीची चिठ्ठी आणि आमची मूळ पावती द्या. जिथे ब्लॉक जमा कराल तिथून पोच घ्या, आणि काम झाल्यावर ब्लॉक मागून घेऊन फाइलमध्ये ठेवा.