जाळीचं रबर आणि गारांचा मार

"सपाट छपरावर पाणी अडवायला घातलेल्या रबरी शीटमध्ये धाग्यांची जाळी असली की गारांची भीती नाही," असं वर्षानुवर्षं फिरतंय. वाटणं साहजिक आहे, पण जाळीचं मुख्य काम वेगळं: वाऱ्याच्या ओढीने शीट ती छपराला धरून ठेवणाऱ्या स्क्रूपाशी फाटू नये. गार वरून एकाच जागी आदळते, आणि तिचा व्यास दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा सुमारे १६ पट होते. शीटखाली उष्णता अडवणारा मऊ फोम असेल तर तो दबतो, रबर खोलगट ताणलं जाऊन चिरतं. म्हणून अमेरिकेत टेक्सास, कोलोरॅडोकडे फोमवर जिप्समचा कडक बोर्ड घालतात. अशा बोर्डवर जाड, बिनजाळीचं रबरही छान टिकतं. स्वतः बघा: शीटवर अंगठा जोरात दाबा; खड्डा पडला तर खाली बहुधा बोर्ड नाही. गारपिटीनंतर स्क्रूच्या डोक्याखालच्या चकत्या जिथे आहेत तिथे शीटवरून बोट फिरवा, बारीक गोल चीर पडली असेल तर हाताला लागू शकते.