पाईपच्या तोंडाशी वायर का कापते

पंचगंगेच्या काठाला आमची पाच एचपीची थ्री फेज मोटर आहे, मागच्या पावसाळ्यात तिच्या स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. काका म्हणाले ओल धरली असंल, पाऊस थांबला की जाईल. मला ते पटलं नाही, वायरमनला बोलावलं. त्यानं मेन बंद केली, टेस्टर लावून खात्री केली आणि पेटी उघडली. पाईपमधली बारा फूट वायर नव्यासारखी होती, पण जिथं पाईप संपून ती पेटीत शिरते बरोबर तिथंच लाल कव्हरवर नखानं ओरखडल्यासारखी चीर, आणि चिरेत तांबं चमकत होतं.

वायर वाचवायला घातलेल्या पाईपच्याच तोंडाशी ती कापली कशी? लोखंडी पाईप करवतीनं कापला की आतल्या कडेला बर, म्हणजे धातूची खरबरीत धार राहते, बोट फिरवलं तर बोट कापेल अशी. पेटीच्या पत्र्याला पाडलेल्या भोकाचंही तसंच. आणि दीड-अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरचं पीव्हीसी कव्हर एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतं. विहिरीचा दोर रहाटावरून गेला तर वर्षानुवर्षं टिकतो, तोच दगडाच्या धारदार काठावर घासला तर लवकर विरतो, कारण ओढ तेवढीच असली तरी ती किती जागेवर पडते यावर सगळं आहे. पाच मिलिमीटरवर पसरणारा जोर ०.१ मिलिमीटरच्या धारेवर आला की दाब ५० पट होतो.

आता कुणी म्हणेल वायर तर एका जागी पडून आहे, घासते कुठं? घासते. मोटर चालू झाली की वायर गरम होते आणि तांबं लांबतं, ५ मीटर वायर ४० अंशांनी तापली तर साधारण साडेतीन मिलिमीटर वाढते, बंद केली की परत आखडते. गरम पीव्हीसी मऊ पडतं ते वेगळंच. वर कॉन्टॅक्टरची, म्हणजे स्टार्टरमधल्या चुंबकावर चालणाऱ्या स्विचची गुणगुण, आपली वीज ५० हर्ट्झची आणि चुंबकाची ओढ प्रत्येक सायकलमध्ये दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० हिसके, तासाला ३,६०,००० होतात. प्रत्येक हिसका बारकाच, पण धार तीच आणि जागाही तीच.

खरी भीती पुढं आहे. वायरचं उघडं तांबं पेटीला चिकटलं तरी एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडेलच असं नाही! अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम असला, जो शेतात सहज असतो, तर २३० व्होल्टला फक्त साडेअकरा अँपिअर जातात, १६ अँपिअरची एमसीबी शांत बसते आणि पेटी जिवंत राहते. माणसाच्या जीवासाठी लागतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आणि त्याच्याआधी वायरच कापू न देणं.

त्यासाठी लागणारी वस्तू काही रुपयांची आहे. पाईप कापल्यावर आतून कानस किंवा रीमर मारायचा, पेटीच्या आतबाहेर चेकनट, म्हणजे पाईप पेटीला आवळणारे चपटे नट, घट्ट करायचे आणि पाईपच्या तोंडावर गोल कडेचा प्लास्टिकचा बुश बसवायचा. पत्र्याच्या नुसत्या भोकातून वायर जात असेल तर भोकाच्या कडेवर बसणारी रबरी रिंग म्हणजे ग्रोमेट, केबल असेल तर ती भोकात घट्ट धरणारा ग्लँड. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये तर ४ गेज, म्हणजे साधारण २१ स्क्वेअर एमएम आणि त्याहून जाड वायरला तोंडाशी अशी गुळगुळीत कड सक्तीची आहे. माझ्या मते बारीक वायरलाही ती हवीच, कारण तिचं कव्हर आणखी पातळ.

एक अडचण मात्र आहे, बुश ही बंद रिंग असते, वायर ओढून जोडून झाल्यावर तो आठवला तर वायर परत काढावी लागते, आणि बहुतेकदा तिथंच तो राहून जातो. आम्ही सगळी वायर काढली. जुना पाईप पेटीत वरून शिरत होता, पावसाचं पाणी पाईपावरून ओघळून थेट आत जायचं, म्हणून तो खालून घेतला, वरचं भोक बंद केलं, बुश घालून मग नवीन वायर ओढली, अर्थिंगचा खड्डाही नव्यानं भरला आणि आरसीसीबी लावला. शेवटी वायरमननं पेटीला टेस्टर लावला, दिवा लागला नाही.